व्हॅक्यूम क्लीनर दहा-पंधरा मिनिटांतच बंद पडतो: सलग किती वेळ चालवावा आणि दोष कोठे शोधावा

दसरा उलटला की दिवाळीच्या आवराआवरीला सुरुवात होते आणि नाशिकच्या सातपूरमधील माझ्या दुकानात व्हॅक्यूम क्लीनर यायला लागतात. बहुतेकांची तक्रार सारखीच असते. मशीन सुरू होते, व्यवस्थित ओढते, पण दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद पडते. तासाभराने बटण दाबले की पुन्हा चालू होते आणि पुन्हा तेवढ्याच वेळात थांबते. त्यापाठोपाठ प्रश्न येतो, की घरगुती व्हॅक्यूम क्लीनर सलग किती वेळ चालवला तर चालेल?

या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की कोरडी धूळ ओढणारे १००० ते १४०० वॉटचे साधे मशीन चांगल्या स्थितीत असेल तर ते एका वेळी २० ते ३० मिनिटे चालवावे आणि नंतर १५-२० मिनिटे थंड होऊ द्यावे. सोबतच्या माहितीपुस्तिकेत याहून कमी वेळ दिला असेल तर पुस्तिकेचेच ऐकावे. दोन खोल्यांच्या घरात फर्निचर हलवण्याचा वेळ वगळला तर मशीन प्रत्यक्षात अर्ध्या तासाहून जास्त क्वचितच चालते, त्यामुळे ही मर्यादा अडचणीची नाही. मात्र हे मिनिटांचे गणित हवा मोकळी वाहत असेल तरच खरे ठरते. हवा अडलेली असेल तर दहा मिनिटेही जास्त होतात, आणि म्हणून जे मशीन नेहमी लवकर बंद पडते त्याला जास्त विश्रांती देत बसण्याऐवजी त्याची हवा कोठे अडते आहे ते शोधावे, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

मोटर थंड कशी राहते

या मशीनमधील मोटर पंख्याच्या किंवा पाण्याच्या पंपाच्या मोटरसारखी नसते. ती मिक्सरच्या मोटरच्या जातीची, कार्बन ब्रशवर (फिरत्या भागाला घासत वीज पोहोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांवर) चालणारी असते आणि मिनिटाला २० ते ३० हजार, काही मशीनमध्ये त्याहूनही जास्त फेरे घेते. मशीन जी वीज घेते, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. १००० वॉटच्या पाणी तापवायच्या रॉडने बादलीभर पाणी कसे कढत होते ते आपण रोज पाहतो. तेवढीच उष्णता आपण पायाशी फिरवत असतो, फक्त ती सतत बाहेर फेकली जाते म्हणून जाणवत नाही. आणि ती बाहेर फेकण्याचे काम आपण ओढलेली हवाच करते. साध्या कोरड्या मशीनमध्ये पाइपातून आलेली हवा पिशवीतून आणि स्पंजच्या फिल्टरमधून गाळली जाते, मोटरच्या अंगावरून जाते आणि मागच्या जाळीतून बाहेर पडते. मोटर थंड ठेवणारी दुसरी कोणतीही सोय त्यात नसते.

एक ढोबळ हिशेब करून पाहू. १२०० वॉटच्या मशीनमधून सेकंदाला ३० लिटर हवा जात असेल तर बाहेर पडणारी हवा आत आलेल्या हवेपेक्षा सुमारे ३५ अंशांनी गरम असते. पिशवी भरून हा प्रवाह निम्म्यावर आला आणि मोटर १००० वॉट घेत राहिली, तर तोच फरक जवळजवळ ६० अंशांवर जातो. जानेवारीत नाशिकची सकाळ १० अंशांच्या आसपास असते आणि मे महिन्यातील दुपार ४० अंशांवर जाते. म्हणजे हिवाळ्यात अडलेल्या प्रवाहानेही मशीन कसेबसे तग धरते, आणि तेच मशीन, तेवढीच भरलेली पिशवी घेऊन, उन्हाळ्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात बंद पडते. 'मागच्या महिन्यापर्यंत तर नीट चालत होते' असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे त्यामुळे बहुतेक वेळा खरेच असते. दोष आधीपासून होता, थंडीने तो झाकला होता.

ही हवेची वाट जेव्हा अडते तेव्हा मशीनचा आवाज चढतो, आणि नेमकी इथेच पुष्कळांची फसगत होते. आवाज वाढला म्हणजे मशीन जोरात ओढते आहे असे वाटते, पण प्रत्यक्षात आतल्या पंख्याला ढकलायला पुरेशी हवाच उरलेली नसते. त्याच्यावरचा भार कमी होतो, मोटर मोकाट सुटल्यासारखी जास्त वेगाने फिरते आणि तिच्या अंगावरून जाणारी थंड हवा मात्र घटते. चढलेली, किंचाळल्यासारखी शिट्टी ऐकू आली की मिनिटे मोजत न बसता मशीन ताबडतोब बंद करावे.

इंदिरानगरचे मशीन

गेल्या वर्षी इंदिरानगरच्या एक ताई एकाच मशीनसाठी तीन वेळा दुकानात आल्या. मशीन बाराव्या-तेराव्या मिनिटाला बंद पडत असे. त्याआधी एका ठिकाणी त्यांना मोटर बदलावी लागेल असे सांगण्यात आले होते. माझ्याकडे पहिल्या दोन खेपांना मी मशीन वीस मिनिटे चालवून पाहिले आणि ते बंद पडले नाही, म्हणून परत दिले. तिसऱ्या खेपेला मी त्यांना पाइप, नळी, ब्रश आणि पिशवी असे सगळे सामान घेऊन यायला सांगितले, आणि तेव्हा उलगडा झाला. दुकानात मी दर वेळी माझी रिकामी पिशवी आणि माझा पाइप लावून मशीन तपासत होतो. ही माझी चूक होती.

त्यांची कापडी पिशवी निम्मीसुद्धा भरलेली नव्हती. ती उलटी करून झटकली तेव्हा धूळ पडली, पण कापडाचा रंग दिसेना. बोटाने घासल्यावर पांढरा, पिठासारखा थर निघाला, आणि त्याखाली कापडाची वीण पूर्णपणे बुजलेली होती. घरात दोन महिन्यांपूर्वी छताला पीओपी केले होते आणि कारागीर गेल्यावर खाली उरलेली पूड याच मशीनने ओढली होती. पुढे मोटरच्या तोंडाशी असलेला स्पंज काढला तर तो वाळलेल्या भाकरीसारखा कडक झाला होता. दोन बोटांत वाकवला तेव्हा त्याचे कवचच तडकले. पिशवी बदलली, स्पंज नवा घातला, आणि त्याच मशीनने त्याच मोटरवर माझ्यासमोर पस्तीस मिनिटे काम केले.

तेव्हापासून मी पीओपी, पुट्टी, सिमेंट, टाइल कापल्याची भुकटी आणि रांगोळी या पाच गोष्टींची नावे घेऊन विचारतो. या पुडी इतक्या बारीक असतात की पिशवी भरण्याच्या कितीतरी आधीच तिची छिद्रे बुजतात. बांधकामाची भुकटी आधी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि दारातली रांगोळी केरसुणीने भरून घ्यावी. घरगुती कोरडे मशीन त्यासाठी नाही.

शोध कोणत्या क्रमाने घ्यावा

सर्वप्रथम हे पाहावे, की बंद नक्की काय पडते. फक्त मशीन थांबते आणि दिवे-पंखे चालूच राहतात, तर मशीनच्या आतील उष्णतेचा कटऑफ, म्हणजे जास्त तापल्यावर वीज तोडणारा छोटा भाग, उघडला आहे. पण त्याच वेळी खोलीचा एमसीबी खाली पडत असेल तर प्रश्न जास्त विजेचा किंवा शॉर्टचा आहे, आणि गळती ओळखणारा मोठा स्विच पडत असेल तर वीज मशीनच्या अंगात किंवा वायरिंगमध्ये कोठेतरी गळते आहे. या शेवटच्या दोन्ही बाबतींत पुढचे घरगुती उपाय करू नयेत. मशीन प्लगमधून काढून जाणकाराकडे न्यावे.

उष्णतेचाच प्रश्न असेल तर मशीन पूर्ण थंड झाल्यावर एक सोपी चाचणी घ्यावी. मशीन सुरू करून आवाज लक्षात ठेवावा, बंद करावे, पाइप मशीनच्या तोंडातून काढावा आणि नुसते मशीन अर्धा मिनिट चालवावे. पाइप काढल्यावर आवाज स्पष्टपणे खाली उतरला आणि तोंडाशी धरलेल्या तळव्याला जोरदार ओढ जाणवली, तर अडथळा पाइपात, नळीत किंवा ब्रशच्या तोंडात आहे. आवाज तसाच चढा राहिला आणि ओढ क्षीण असेल तर अडथळा मशीनच्या पोटात आहे.

पाइपासाठी मी गोटीची चाचणी वापरतो. पाइप दोन्ही बाजूंनी सुटा करून उभा धरावा आणि वरून काचेची गोटी सोडावी. ती खडखडत खाली आली तर पाइप मोकळा आहे. मध्येच आवाज थांबला तर अडथळा तिथे आहे. लहान मुलांचे मोजे, केसांचे चाप, शेंगदाण्याची टरफले, चॉकलेटचे कागद, एकदा तर देव्हाऱ्यातील वातींचा अख्खा पुडका मी पाइपातून काढला आहे. तार किंवा सळई खुपसू नये, पाइपाला भोक पडते आणि मग तेथून हवा गळते. जाड दोरीच्या टोकाला फडके बांधून ते ओढून काढावे. फरशीच्या ब्रशखाली केसांची आणि दोऱ्यांची गुंडाळी झालेली असते, ती कात्रीने कापून काढावी. ब्रशला स्वतःची छोटी मोटर असेल तर ही गुंडाळी तिलाही तापवते आणि तिचा वेगळा कटऑफ उघडतो.

मशीनच्या पोटातील अडथळ्याचे तीन मुक्काम असतात. पहिला म्हणजे पिशवी. कागदी पिशवी झटकून पुन्हा वापरण्याचा मोह होतो, पण तिची छिद्रे झटकून मोकळी होत नाहीत. ती भरली की टाकून द्यावी. कापडी पिशवी दोन-तृतीयांश भरण्याआधीच रिकामी करावी आणि घराबाहेर उलटी करून झटकावी. दुसरा म्हणजे मोटरच्या आधीचा स्पंज किंवा कापडी फिल्टर. तो धुता येण्यासारखा असेल तर साध्या पाण्यात हलकेच दाबून धुवावा आणि सावलीत पूर्ण २४ तास वाळवावा. पावसाळ्यात हवेत इतकी ओल असते की दोन दिवसही लागतात. ओला फिल्टर लावून मशीन चालवले तर धुळीचा चिखल होतो आणि ओल मोटरपर्यंत पोहोचते. फिल्टरच न लावता चालवले तर धूळ थेट मोटरच्या वाइंडिंगवर, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांवर, बसते. हे दोन्ही प्रकार मोटरच्या जिवावर बेततात, त्यामुळे एक सुटा फिल्टर घरात आणून ठेवावा असे मी सुचवतो.

तिसरा मुक्काम लोकांच्या ध्यानात राहत नाही, तो म्हणजे हवा बाहेर पडण्याच्या जाळीमागचा फिल्टर. हवा आत येण्याइतकेच तिचे बाहेर पडणे महत्त्वाचे आहे. हा फिल्टर वर्षानुवर्षे उघडलेलाच नसतो, आणि तो काळाकुट्ट असेल तर त्यात बहुतेक वेळा मोटरच्या कार्बनची पूडही असते. मशीन सोफ्याला टेकवून किंवा पडद्याआड ढकलून चालवण्याने तीच जाळी बाहेरून बुजते. गादी साफ करताना मशीन गादीवरच ठेवणारी कितीतरी घरे मी पाहिली आहेत. मशीन नेहमी फरशीवर, मागे हातभर जागा सोडून ठेवावे.

वायर आणि प्लग

१२०० वॉटचे मशीन २३० व्होल्टवर साधारण सव्वापाच अँपिअर वीज घेते. ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटच्या मर्यादेत हे बसते, पण जेमतेम. त्याच एक्स्टेन्शनवर इस्त्री किंवा मिक्सर लावू नये. एक्स्टेन्शनची वायर निदान दीड चौरस मिलिमीटर तांब्याची असावी. दिव्यांच्या माळेसाठी घेतलेल्या बारीक वायरवर हे मशीन लावू नये. मशीनची स्वतःची गुंडाळणारी वायर पूर्ण बाहेर काढावी. अनेक मशीनच्या वायरीवर पिवळी आणि लाल पट्टी असते: पिवळ्यापर्यंत वायर काढणे अपेक्षित असते आणि लाल पट्टीपुढे ओढायची नसते. अर्धी वायर आत गुंडाळलेली राहिली तर वेटोळ्यांतील उष्णता बाहेर जायला वाट मिळत नाही, आणि हे वेटोळे मोटरच्या अगदी शेजारी असते. दहा मिनिटांनंतर मशीन बंद करून प्लगला हात लावून पाहावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर सॉकेट सैल झाले आहे, ते आधी बदलून घ्यावे.

बंद पडल्यावर लगेच काय करावे

बटण बंद करून प्लग काढावा, आणि हे विसरू नये. पुष्कळ मशीनमधील कटऑफ थंड झाल्यावर आपोआप जुळतो. बटण चालूच राहिले असेल तर तासाभराने, घरात कोणी नसताना किंवा मूल पाइपाशी खेळत असताना, मशीन स्वतःहून सुरू होते. त्यानंतर झाकण उघडून पिशवी काढावी आणि ४५ मिनिटे ते एक तास तसेच ठेवावे. लवकर थंड व्हावे म्हणून ओले फडके टाकू नये, फ्रिजसमोर ठेवू नये. खोलीतील पंखा पुरेसा आहे. एक तासानंतरही मशीन सुरू झाले नाही तर त्यात एकदाच वितळणारा थर्मल फ्यूज असण्याची शक्यता आहे, आणि तो बदलण्यावाचून पर्याय नसतो.

आता ज्याची मला मनापासून चीड येते त्या प्रकाराविषयी. 'कटऑफ डायरेक्ट करून द्या' अशी मागणी माझ्याकडे दर हंगामात होते. म्हणजे उष्णतेने वीज तोडणारा तो नखाएवढा भाग काढून दोन तारा जोडून द्यायच्या. दोन वर्षांपूर्वी कॉलेज रोडवरून एक मशीन आले, त्यात कोणीतरी आधीच तसे केले होते. मशीन बंद पडायचे थांबले होते आणि घरचे लोक खूश होते. मी झाकण उघडले तेव्हा मोटरभोवतीचे प्लास्टिकचे घर एका बाजूला मेणासारखे खाली ओघळून पुन्हा घट्ट झालेले होते, आणि शेजारीच कोरडी धूळ आणि केसांनी भरलेली कागदी पिशवी होती. ते घर वाचले ते केवळ दैवाने. वाइंडिंगवरील इन्सुलेशन ठरावीक तापमानापर्यंतच टिकते, बी वर्गाचे १३० अंशांपर्यंत आणि एफ वर्गाचे १५५ अंशांपर्यंत, आणि तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते हा या धंद्यातील जुना आणि खरा ठोकताळा आहे. कटऑफ हा मशीनचा दोष नव्हे, तो मशीनचा राखणदार आहे. वारंवार उघडझाप होऊन तो स्वतः कमकुवत होऊ शकतो आणि मग थोड्याशा उष्णतेलाही उघडतो. पण तेव्हाही त्याच तापमानाचा नवा कटऑफ बसवावा, तारा जोडू नयेत.

इतर प्रकारची मशीन

ओले-कोरडे दोन्ही ओढणाऱ्या मशीनमध्ये मोटर थंड ठेवण्यासाठी वेगळा पंखा आणि वेगळी हवा असते, त्यामुळे पाइप अडला तरी मोटर लगेच तापत नाही आणि ते जास्त वेळ, पुस्तिकेने परवानगी दिली तर तासभरही, चालते. मात्र टाकी पाण्याने भरली की आतला तरंगता चेंडू वर येऊन तोंड बंद करतो आणि आवाज एकदम चढतो. तेव्हा लगेच बंद करून पाणी ओतून द्यावे. बिनवायरच्या मशीनवर बॅटरीच मर्यादा घालते. जास्तीत जास्त जोरावर ती काही मिनिटांतच संपते, आणि गरम झालेली बॅटरी लगेच चार्जिंगला न लावता अर्धा तास थंड होऊ द्यावी. गाडीत वापरायच्या १२ व्होल्टच्या छोट्या मशीनला मी एका वेळी दहा मिनिटांहून जास्त चालवू देत नाही.

होमकुंडातील किंवा चुलीतील राख, उदबत्तीची रक्षा, अंगणातील फटाक्यांचा कचरा कोणत्याही घरगुती मशीनने ओढू नये. वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारा असतो आणि आत गेल्यावर त्याला भरपूर हवा मिळते.

सगळे मोकळे असूनही बंद पडत असेल तर

पिशवी नवी, फिल्टर कोरडा, पाइप मोकळा आणि तरीही मशीन वीस मिनिटांच्या आत थांबत असेल, तर दोष मोटरमध्ये आहे असे समजावे. मागच्या जाळीतून आत पाहिल्यावर कार्बनपाशी बारीक निळसर ठिणगी दिसणे स्वाभाविक आहे, पण फिरत्या भागाभोवती पिवळसर ठिणग्यांचे कडे दिसत असेल तर कार्बन झिजले आहेत. वेळेवर बदलले तर खर्च थोडा येतो. तसेच चालवत राहिले तर ज्या तांब्याच्या गोलावर ते घासतात त्यावर काळे चरे पडतात आणि मग आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, बदलावे लागते. बंद करताना घरघर करत झटकन थांबणारी मोटर बेअरिंग गेल्याची खूण सांगते. चांगली मोटर बटण बंद केल्यावरही काही सेकंद निर्वेध फिरत राहते. जळक्या वार्निशचा उग्र, डोळ्यांना झोंबणारा वास आला तर पुढे दोन मिनिटेही चालवू नये. मोटर किती काळ टिकावी याचा एक अंदाज युरोपातील नियमावरून येतो. तेथे २०१७ पासून घरगुती व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरने किमान ५०० तास चालले पाहिजे अशी अट आहे. आठवड्यातून एक तास धरला तर ही साडेनऊ वर्षे होतात, त्यामुळे तीन-चार वर्षांच्या मशीनची मोटर गेली असे कोणी सांगितले तर आधी पिशवी आणि स्पंज दाखवायला सांगावे.

आणि दुरुस्तीला आणताना मशीन एकटे आणू नये. पाइप, दोन्ही नळ्या, ब्रश, वापरात असलेली पिशवी आणि घरचे एक्स्टेन्शन, जसे असेल तसे, धूळ न झटकता आणावे. किती मिनिटांनी बंद पडले आणि किती वेळाने पुन्हा सुरू झाले हे दोन-तीन वेळा घड्याळ लावून कागदावर लिहून आणले तर माझे निम्मे काम तिथेच होते.